पाटीबाहेरचा पाय

माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि बायकोला वाटतं की तिला माझं सगळं ठाऊक आहे. नाही, सगळं नाही. एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, थोरल्या भावाला सांगितली नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही तेवढी वगळूनच जोडले. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात तुम्ही भेटलात तर मला मान खाली घालावी लागणार नाही — बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

गोष्ट आट्यापाट्यांची आहे. हसलात ना? मीही कैक वर्षं असाच हसायचा प्रयत्न केला. खेळातली गोष्ट ती काय, पोरवयातली, विसरून जावी. पण मग ती विसरली का जात नाही? जेवताना, वर्गात फळ्याकडे पाठ करून उभा असताना, कुणी माझं कौतुक करत असताना — विशेषतः कुणी कौतुक करत असताना — ती का आठवते?

आणि कौतुक तर माझं पुष्कळ होतं. मी कल्याणात मास्तर आहे. आसपास कुठेही आट्यापाट्यांचा सामना ठरला की पंच म्हणून मला बोलावणं येतं. मास्तर आहेत म्हणजे आता वाद नाही, असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात, आणि मी पगडी सारखी करत ऐकून घेतो. खेळाचे नियम मी एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढलेत. दुसऱ्या शाळांचे मास्तर ती वही मागून नेतात आणि उतरवून घेतात. वहीत सगळ्यात मोठं प्रकरण गुन्ह्यांचं आहे — खेळणाऱ्याने काय केलं म्हणजे गुन्हा, आणि कोणत्या गुन्ह्याला काय शिक्षा. या माणसाला गुन्ह्यांची एवढी बारीक माहिती कुठून, असं मात्र आजवर एकानेही विचारलं नाही.

थोडे नियम तुम्हालाही सांगावे लागतील, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जमिनीवर ठरावीक अंतराने नऊ आडव्या रेघा आखतात, त्या पाट्या. एकेका पाटीवर एकेक जण अडवायला उभा राहतो. समोरच्या पक्षाने त्यांना चुकवत नऊही पाट्या ओलांडायच्या आणि तशाच ओलांडत परत यायचं. जो परत आला त्याने लोण आणलं, त्याचा पक्ष जिंकला. अडवणाऱ्याने हात लावला की समोरचा बाद. पण हात लावताना अडवणाऱ्याचा निदान एक पाय आपल्या पाटीवर हवा. दोन्ही पाय बाहेर पडले आणि मग हात लागला, तर तो गुन्हा. त्याला आमच्या ठाण्याकडे शिक्षा होती मोकळी पाटी. गुन्हेगाराने पाटी सोडून बाजूला उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याने ती पाटी सगळ्यांच्या देखत, चालत, हवी तेवढी सावकाश ओलांडायची. तोवर कुणी जागचं हलायचं नाही. एरवी कानठळ्या बसवणारं मैदान त्या वेळी असं गप्प व्हायचं, की गुन्हेगाराला तीच खरी शिक्षा वाटे.

आणखी एक रीत होती, आणि सगळं घडलं ते त्या रीतीमुळे — नाही, चुकलो. रीतीमुळे काही घडलं नाही. माझ्यामुळे घडलं.

पाट्या आखायच्या त्या पाण्याने. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने तांब्या घेऊन आपली पाटी आपल्या हाताने ओली करायची. ज्याने पाणी घातलं, त्या पाटीबद्दल त्याचा शब्द शेवटचा. पंचाला नीट दिसलं नाही आणि वाद उठला, तर पंच त्यालाच विचारणार, पाय कुठे होता? तो सांगेल ते खरं. त्याउपर जो तक्रार करील आणि पुरावा देऊ शकणार नाही तो खोटा ठरला, त्याला त्या मैदानावर पुन्हा खेळायला मिळायचं नाही. केवढा हा विश्वास माणसाने माणसावर टाकायचा! पंच झाल्यावर मी पहिली ही रीत बंद केली. वहीत स्पष्ट लिहून ठेवलं, पाटीवाल्यास विचारू नये. मास्तर फार काटेकोर, असं लोक म्हणाले.

एकोणीस वर्षांपूर्वी ठाण्यात, टेंभी नाक्याच्या अंगाला आमची आळी होती. आळीतल्या पोरांचा सामना लागला खाडीकाठच्या एका ख्रिस्ती वाडीशी. ती माणसं मिठागरात राबणारी. आम्ही इंग्रजी शाळेत जाणारे, कचेरीतल्या कारकुनांची मुलं. त्यांच्यात अंतोन नावाचा एक जण होता, माझ्याच वयाचा, एकोणीस-वीसचा. मिठागराचे बांध पाहिलेत कधी? जेमतेम वीतभर रुंद. त्यांच्यावरून डोक्यावर मिठाची टोपली घेऊन तो लहानपणापासून धावत आलेला. आट्यापाट्यांत त्याला हात लावणं म्हणजे पाण्यातला मासा धरणं. मी त्याचा खेळ बघायला आधी दोनदा वाडीपर्यंत चालत गेलो होतो. आवडायचा मला त्याचा खेळ — हेही मी कधी कुणाला बोललो नाही.

मी खेळाडू म्हणून बेताचाच. आमचा एक जण तापाने पडला म्हणून मला घेतलं, आणि परतीच्या वाटेवरची शेवटची पाटी माझ्या वाट्याला आली. तांब्या हातात घेतला आणि घाईघाईने कलता केला, तर पाणी रेघेबाहेर सांडलं. समोर अंतोन उभा होता. तो हसून म्हणाला, "हलू वत रं, घाई काय हाय?" त्यात हिणवणं नव्हतं. मी हळू ओतलं, आणि पाटी सरळ आली.

त्या दिवशी त्यांचे सगळे बाद झाले, एकटा अंतोन उरला. तो एकटा नऊ पाट्या करून गेला आणि परत फिरला. एकेक पाटी मागे टाकत आला तो माझ्यासमोर. त्याच्या आणि विजयाच्या मध्ये आता फक्त मी होतो. त्याने डावीकडे झुकांडी दिली, मी फसलो. तो उजवीकडून निघाला. मी झेप घेतली आणि माझी बोटं त्याच्या पाठीला लागली. त्या वेळी माझे दोन्ही पाय पाटीबाहेर होते. दोन्ही. पाटीच्या पुढे कोरड्या जमिनीवर माझ्या ओल्या तळव्यांचे दोन ठसे उठले होते, आणि ते मी पाहिले. टाचा, बोटं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

अंतोन थांबला, वळला आणि त्याने नुसतं बोट दाखवलं. रागाने नाही. मी आता बाजूला होऊन हात पाठीमागे बांधणार, याची त्याला खात्रीच होती. पंच लांब होते, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला — आमच्याच आळीतले एक पेन्शनर गृहस्थ, पण माणूस निःपक्षपाती. ते चालत येईपर्यंत किती वेळ गेला असेल? वीस पावलांचा. तेवढ्यात मी तोल सावरल्यासारखं केलं आणि दोन्ही ठसे पायाने पुसून टाकले. आधी डावा पुसला, मग उजवा. तोल सावरायला कुणी एवढी पद्धतशीर हालचाल करतं का?

पंचांनी रीतीप्रमाणे विचारलं. मी म्हणालो, पाटीवर.

एकच शब्द. अंतोन ओरडला, "पुसला त्यानं! पायानं पुसला!" आणि आमची पोरं हसली. त्याच्या वाडीची माणसं आधी खवळली, मग माझ्याकडे बघून, पंचांकडे बघून, हळूहळू गप्प झाली. त्यांचंच पोर इरेला पेटलंय असं त्यांना वाटलं असावं. इंग्रजी शाळेतला मुलगा, गोरागोमटा, खाली मान घालून उभा — हा कशाला खोटं बोलेल? पंच वाकले, जमीन पाहिली. पुसटलेल्या मातीत काय दिसणार? अंतोन खोटा ठरला. रीतीप्रमाणे मैदान त्याला बंद झालं. आमच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. निखळ आनंद. घरी जाऊन मी दोन वेळा वाढून घेऊन जेवलो.

ही झाली माझी कबुली, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळ दिवस वाटायचं की एवढंच आहे. एवढंच असतं तर मी तुम्हाला सांगायला कशाला बसलो असतो? एकोणीस वर्षांचा मुलगा खेळाच्या भरात खोटं बोलला, ऐकून तुम्ही हळहळला असता आणि मला माफही केलं असतं. त्याच माफीच्या आशेने मी ही गोष्ट मनात अशीच सांगत आलो, इथेच थांबत आलो. आज थांबत नाही.

अंतोनच्या बापाचं नाव पेद्रू. वाडीत त्याच्या शब्दाला मान होता. भरतीचं पाणी मिठागरात कधी घ्यायचं आणि कधी अडवायचं हे तो सांगायचा आणि लोक ऐकायचे. सामन्याला तो आला नव्हता. संध्याकाळी पोराने वाडीतल्या कुरुसावर, म्हणजे क्रुसावर, हात ठेवून शपथ घेतली की मी खरं बोललो. बापाने चार माणसांना विचारलं. चौघांनी सांगितलं की पंचांनी रीतीप्रमाणे विचारलं आणि ठाण्याच्या मुलाने रीतीप्रमाणे सांगितलं. मग पेद्रूने ठरवलं की आपला मुलगा कुरुसावर हात ठेवून खोटं बोलला. खेळात हरला याचं त्याला काही नव्हतं. पण खोटी शपथ? तो म्हणाला, सगळ्यांसमोर कबूल कर आणि त्या मुलाची माफी माग, तोवर या घरात जेवायचं नाही. अंतोनने तीन दिवस शेजारी काढले. चौथ्या दिवशी तो मुंबईला गेला आणि आगबोटीवर खलाशी झाला. हे सगळं मला महिन्याभरात कळलं होतं. ठाण्यात अशी बातमी लपत नाही. वाडी माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर होती. मी गेलो नाही.

आता पेद्रू नाही. त्याची बायकोही नाही. घराला कुलूप आहे, अंगणात गवत माजलंय. मागच्या साली मी लांबून पाहिलं. अंतोन बापाच्या मातीला नव्हता, आईच्याही नव्हता. कुणी म्हणतं कराचीला आहे, कुणी म्हणतं त्याहून लांब. वाडीतली माणसं अजून त्याचा विषय निघाला की म्हणतात, पोर गुणी होतं, पण खोटी शपथ बाधली.

आणि हे असं व्हायची काही गरज नव्हती. हेच मला सांगायचं आहे. हे टळत होतं.

सामन्याला अकरा वर्षं झाली होती. मी कल्याणला मास्तर होऊन स्थिरावलो होतो, पंच म्हणून नाव व्हायला लागलं होतं. एके दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या पायरीवर एक म्हातारा येऊन बसला. खाडीच्या भरतीबरोबर होडीने आला होता आणि ओहोटीबरोबर त्याला परतायचं होतं. मी त्याला ओळखलं नाही. त्याने नाव सांगितलं तेव्हा मी एक पायरी मागे सरलो. मारायला आला असेल, असंच मला वाटलं. वाटलं, आणि तुम्हाला नवल वाटेल, जरा बरंही वाटलं.

त्याने आधी पाणी मागितलं. मी तांब्या आणला आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी घातलं, स्पर्श होऊ न देता. तेवढं सोवळं मी त्याही वेळी पाळलं.

मग तो बोलला. त्या सामन्यातला ठाण्याचा मुलगा कल्याणात मास्तर झालाय, एवढंच ऐकून तो शाळा शोधत आला होता. एका खलाशाबरोबर अंतोनचा निरोप आला होता. त्याची बोट मुंबईला लागली होती, महिनाभर तो तिथेच होता. बाबा बोलावेल तर घरी येईन, असा निरोप. म्हातारी रोज रडत होती. पण पेद्रूचं अडलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, पोर खरा व्हता त मी पापी झालो. आजच जातो, त्याचे पाय धरतो नि घरी आणतो. खोटा व्हता त त्यानं येऊन कुरुसासमोर बोलला पायजे. मी नव्हतो तवा तिथं. तुमी व्हतात. मना खरा सांगा, मी कोनाला बोलनार नाय."

ऐकलंत? मी कुणाला बोलणार नाही, म्हणाला. माझी अब्रू माझ्याच हातात राहणार होती. पंचाचं नाव, मास्तरकी, वही, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. फक्त एका म्हाताऱ्याला, एका पायरीवर, भर दुपारी, मला तीन शब्द सांगायचे होते. मैदानावर वीस पावलांचा वेळ होता. इथे किती होता? म्हातारा ओला हात धोतराला पुसत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मी विचार केला. केला, हे लक्षात घ्या; तोंडून निसटलं असं नाही. मी विचार केला की आज हा कुणाला बोलणार नाही, पण पोराला तर सांगेल. पोर आपल्या लोकांत सांगेल. मग ते ठाण्याला कळेल, कल्याणला कळेल. आवारात मुलं खेळत होती, त्यांतली दोन-तीन आमच्याकडे बघत होती. आणि मास्तर खोटे, हे शब्द मला मुलांच्या आवाजात ऐकू आले.

मी म्हणालो, पेद्रूबाबा, तुमचा मुलगा खोटं बोलला.

वर आणखी म्हणालो — कुणी विचारलं होतं मला? — की मी त्याला तेव्हाच माफ केलं आहे.

म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला, आणि तो सुटकेचा होता. अकरा वर्षं त्याला वाटत होतं की आपण पोरावर अन्याय केला. माझ्या बोलण्याने ते ओझं उतरलं. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला की बरं झालं आलो, आता मन शांत झालं. पोराच्या वतीने त्याने माझ्यापुढे हात जोडले. मी ते जोडू दिले. निरोपाला उत्तर गेलं नाही, बोट महिन्याने सुटली.

खाली होडीवाला हाका मारायला लागला होता, ओहोटी लागली होती. उठता उठता पेद्रूने सांगितलं की घरी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ते दोघं नवरा-बायको अंतोनला सुबुद्धी मागतात. आणि त्याच्यामागून ज्या मुलाला आपल्या पोराने भर मैदानात खोटं पाडायला पाहिलं, त्याचं देवाने भलं करावं, असंही मागतात. अकरा वर्षं मागत होते. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं ठाण्याचा पोर म्हणायचे. आता भेट झालीच आहे तर नाव सांगा, म्हणाला, म्हातारी नाव घेऊन मागेल.

मी नाव सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं — सावकाश, वडिलांच्या नावासकट.